विकनशॉपैकी कुणाचा

नर्सने "विकनशॉ" अशी हाक मारली आणि आम्ही दोघं उठलो. घडलं ते एवढंच. बाकीचं सगळं माझ्या तोंडाने केलं आणि मग तीन आठवडे ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. लीड्सच्या हॉस्पिटलात, डोळ्यांच्या विभागात, सकाळी साडेदहाची वेळ. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब डोळ्यांत घालून मला बसवून ठेवलं होतं, त्यामुळे समोरची खिडकी म्हणजे नुसता पांढरा उजेड आणि माणसं म्हणजे कडा नसलेले रंग. शेजारी माझी मुलगी जुडिथ होती, कारण असे थेंब घातले की घरी न्यायला कुणीतरी लागतं. मी उठलो, आणि पलीकडच्या रांगेत एक हिरवा रंगही उठला. माझं वय एकाहत्तर. इतक्या वर्षांत माझ्या आडनावाला माझ्या घराबाहेरचं माणूस उठलेलं मी पाहिलं नव्हतं. हॅलिफॅक्सच्या बाजूला आहेत थोडे, हे ठाऊक होतं. म्हणून तर सतराव्या वर्षी मी हॅलिफॅक्स सोडून लीड्स गाठलं. इथे टेलिफोनच्या पुस्तकात आम्ही एकटेच. खरं सांगायचं तर मला पळून जावंसं वाटलं, पण दार कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

"अगंबाई, विकनशॉ? लीड्समध्ये?" हिरवा रंग जवळ येत म्हणाला. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण खणखणीत. "थांब, आधी सांग. कुणाचा तू?" बघा, नाव विचारलं नाही. हॅलिफॅक्सजवळच्या विकनशॉ गावात नाव कुणी विचारतच नाही. निम्मं गाव विकनशॉ आडनावाचं, त्यात पाच-सात जॉन आणि तितकेच हॅरल्ड, तेव्हा नावाचा उपयोग शून्य. तिथे माणूस ओळखला जातो तो बापावरून, आज्यावरून, नाहीतर घर कुठे आहे त्यावरून. अनाथालयातली आमची स्वयंपाकीण त्याच खोऱ्यातली होती. ती बटाटे सोलता सोलता असल्याच माणसांच्या गोष्टी सांगायची, पुलापलीकडच्या टॉमचा जॅक आणि सॅमच्या मार्थाची लिली, आणि मी टेबलाखाली बसून ऐकायचो. तेव्हा प्रश्न मला नवा नव्हता. फक्त मला तो कुणी विचारलेला नव्हता. "मी विलच्या जोसची नेली," म्हातारी सांगत होती. "माहेरची विकनशॉ आणि सासरचीही विकनशॉ. सही बदलायचा त्रास वाचला. हं, बोल. कुणाचा?"

जुडिथ तिथे नसती तर मी काय बोललो असतो, याचा मी फार विचार केला आहे. बहुतेक म्हणालो असतो की बाई, मला आत बोलावतायत, वेळ नाही. पण जुडिथ शेजारी उभी होती, आणि तिचा आनंद मला न दिसताही कळत होता, कारण तिने माझा दंड घट्ट धरला होता. लहानपणी गोष्ट रंगली की ती असाच दंड धरायची. मी म्हणालो, "एबलचा. एबलचा नातू."

"कुठल्या एबलचा? टेकडीवरच्या की विहिरीवरच्या?"

मी जुडिथला गोष्टी सांगायचो त्यांतला एबल मेंढ्या राखायचा. मेंढ्या टेकडीवर असतात. मी म्हणालो, "टेकडीवरच्या."

हिरवा रंग हलेना. मग तिने एकेक शब्द चाखत म्हटलं, "टेकडीवरच्या एबलचा. नातू." आणि माझ्या हातावर थापटत हसायलाच लागली. "बघा तरी! पाण्यात राहून कोरडा! बरं बाबा, बरं." मला काही कळलं नाही. जुडिथने लगेच आमचा फोन नंबर तिला दिला, तिचा घेतला, आणि म्हातारीने सांगितलं की जूनच्या पहिल्या रविवारी गावच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, सगळ्या गावाचा चहा असतो, दोघांनी यायचंच, हॅम भरपूर असतं. नर्स वैतागून म्हणाली, "एडविन विकनशॉ आधी या, एलिनर विकनशॉ, तुम्ही बसा." नेली म्हणजे एलिनर. मला मशीनसमोर बसवून हनुवटी पट्टीवर टेकवायला सांगितली, आणि डॉक्टर म्हणाला, इतके डोळे मिचकावू नका.

घरी आलो, पडदे ओढून अंधारात बसलो, कारण थेंबांचा अंमल उतरेपर्यंत उजेड सोसत नाही. जुडिथ स्वयंपाकघरात चहा करता करता गात होती. जिन्याच्या भिंतीवर तिने आमच्या घराण्याचा वृक्ष काढून लावलाय, तिच्या शाळेतल्या वर्षांपासूनचा. खाली तिची मुलगी, वर ती, वर मी, माझ्या वर एक रिकामी चौकट, आणि तिच्या वर शाईने कोरून काढल्यासारखं: एबल विकनशॉ, मेंढपाळ. लग्नात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही. नवरा स्मिथ. ती म्हणाली होती, स्मिथ काय, डझनावारी मिळतात, विकनशॉ कुठे मिळतोय? मुलीलाही तिने आमचंच नाव लावलं. मी लग्नाच्या जेवणात टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघत बसलो होतो, आणि माझी बायको मॉरीन टेबलाखालून मला पाय मारत होती. मॉरीनला माहीत होतं. ती वर्षातून एकदा तरी म्हणायची, "एडविन, तिला सांग." मी म्हणायचो, सांगतो. मॉरीनला जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात तिने बाकी काहीबाही सांगितलं, खिडक्या पुसून घे, कोट धुवायला टाक, पण हे नाही सांगितलं. दमली असेल, किंवा माझा नाद सोडला असेल.

तर काय सांगायचं होतं ते सांगतो. एकोणीसशे बावन्न सालच्या फेब्रुवारीत विकनशॉ गावच्या चॅपलच्या पोर्चमध्ये मी सापडलो. वय अंदाजे आठ-दहा दिवस. मला हॅलिफॅक्सच्या अनाथालयात आणलं. तिथल्या प्रमुख मिस पिकर्सगिल. त्यांचा एडविन नावाचा भाऊ लढाईत गेला होता, त्याचं नाव त्यांनी मला दिलं. आडनाव सापडल्या जागेचं. आमच्याकडे ही जुनीच रीत. आमच्यात एक मुलगी नदीकाठच्या रस्त्यावर सापडलेली होती, तिला त्या रस्त्याचं नाव होतं, आणि आम्ही तिला चिडवायचो की तुझ्यावरून गाड्या जातात. ती मला म्हणायची, तुझ्यावर मेंढ्या लेंड्या टाकतात. पोरं दुष्टच असतात, पण आमच्यात एक बरं होतं, सगळ्यांचीच नावं तशीच उपरी. बाहेर पडल्यावर घोळ सुरू झाला. शाळेत मास्तर, पुढे नोकरीत साहेब, दुकानात दुकानदार, जो तो विचारायचा: "विकनशॉ? म्हणजे तिकडचे का? जुनं घराणं." आमच्या भागात असल्या नावाला वजन आहे. नाव ऐकलं की लोकांना वाटतं, हा माणूस चारशे-पाचशे वर्षं एका जागी उभा आहे. मी पहिल्यांदा "हो" म्हणालो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, आणि ते इतकं सोपं गेलं की मलाच आश्चर्य वाटलं.

लीड्सला आलो त्या वर्षी वाचनालयात आडनावांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात दोनच ओळी होत्या. विकनशॉ: विकन म्हणजे रोवनचं झाड, लाल बारीक फळांचं, शॉ म्हणजे राई, रोवनची राई, जो तिथून आला तो. पुढे लिहिलं होतं की असली नावं गावात राहणाऱ्याला मिळत नसत. सगळेच त्या गावचे, तर त्या गावचा असं कोण कुणाला म्हणणार? गाव सोडून माणूस दुसऱ्या बाजारात जाऊन उभा राहिला की तिथले लोक म्हणत, तो विकनशॉचा. बाहेरच्यांनी चिकटवलेलं नाव. हे वाचून मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. जो तिथून आला तो. म्हणजे ज्याला तिथून काढून दिला तो. मी पुस्तक मिटलं, शेल्फावर उलटं ठेवलं, आणि बाहेर येऊन मासळी-चिप्स खाल्ले, मीठ जास्त पडलं होतं, ती चव अजून जिभेवर आहे. नंतर नशिबाने काय थट्टा केली बघा. मला नोकरी लागली बसच्या डेपोत, बसच्या कपाळावर गावांची नावं फिरवायचं कापड असतं ते छापायच्या खात्यात. काळ्या कापडावर पांढरी अक्षरं. अडतीस वर्षं मी लोकांना कुठे जायचं ते छापत होतो. एकदा हॅलिफॅक्सच्या डेपोचं काम आमच्याकडे आलं आणि त्यात शेवटच्या थांब्याचं नाव होतं विकनशॉ. अडीच फूट लांब. मी ते छापलं, वाळत टाकलं, आणि शिफ्ट संपेपर्यंत माझं स्वतःचं नाव दोरीवर लटकताना बघत राहिलो. त्या बसमध्ये मात्र मी कधी बसलो नाही.

आणि एबल? एबल मी शून्यातून काढला नव्हता. सात वर्षांचा असताना जॅम चोरल्याबद्दल मला मिस पिकर्सगिलच्या टेबलासमोर उभं केलं होतं. त्या माझा कागद काढून त्यावर काहीतरी लिहीत होत्या. तो कागद मी उलटा वाचला. उलटं वाचायला मी तेव्हापासून शिकलो, डेपोत त्याचा फार उपयोग झाला. आणणाऱ्याचं नाव: एबल विकनशॉ. खाली सही, थरथरती. मला कळलं की कुणीतरी मला तिथे स्वतःच्या हाताने आणून दिलं. कितीतरी वर्षं मी त्या माणसाला रात्रंदिवस शिव्या घातल्या. मग जुडिथ झाली, ती चार वर्षांची असताना एकदा विचारायला लागली की तुमचे बाबा कसे होते, आणि माझ्या तोंडून निघालं, बाबा आठवत नाहीत, पण आजोबा होते, एबल. बाप सांगितला असता तर त्याला जाब विचारावा लागला असता. आजोबांवर कुणी रागवत नाही. मग एबलला मेंढ्या आल्या, एक तीन पायांचा कुत्रा आला, हिवाळ्यात कोकराला कोटाच्या आत घालून आणायची सवय आली. माझ्या मनासारखा झाला तो. मला स्वतःलाही त्याची इतकी सवय झाली की त्याच्या वाढदिवसाला, तोही मीच ठरवलेला, मला जरा हुरहुर लागायची.

हॉस्पिटलानंतर आठ दिवसांनी नेलीचा फोन आला. जुडिथ कामावर होती. "काय रे एडविन, गावात नुसता गोंधळ उडवून दिलास!" ती म्हणाली. तिला मजा येत होती, लपवत नव्हती. "टेकडीवरचा एबल. जन्मभर लग्न नाही, दारूला शिवला नाही, दर रविवारी चॅपलमध्ये उभा राहून आम्हाला पापपुण्य शिकवायचा. आणि त्याला नातू! हॅरल्ड, त्याचा पुतण्या, दोन दिवस जेवला नाही." फोनच्या तारेला पीळ पडला होता तो मी सोडवत होतो. "लोक तेव्हाही म्हणायचेच," नेली पुढे म्हणाली. "बावन्न साली चॅपलच्या पोर्चमध्ये पोर सापडलं. मी आठ वर्षांची. सापडलं ते एबललाच. झालं, लोकांनी कुजबूज सुरू केली की ज्याला सापडलं त्याचंच असणार, नाहीतर एवढी माया कशाला. वर्षाच्या आत त्याचं प्रवचन बंद केलं चॅपलवाल्यांनी. तो एक शब्द बोलला नाही. मागच्या बाकावर बसायचा. मेला तेव्हाही अर्ध्या लोकांच्या मनात ते होतंच. आणि आता तू सांगतोस नातू म्हणून. म्हणजे खरंच होतं की काय काहीतरी?" तिच्या आवाजात गळ होता, मला दिसत होता, पण मी गिळला नाही. म्हणालो, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध बाटलीत होतं, फ्रिजमध्ये.

मी जिन्यात जाऊन बसलो. वर भिंतीवर एबल विकनशॉ, मेंढपाळ. एका भल्या माणसाने मला थंडीतून उचललं, त्यापायी त्याच्या तोंडाला काळं फासलं गेलं, आणि सत्तर वर्षांनी मी, मीच, हॉस्पिटलात उभा राहून त्याच्यावर शिक्कामोर्तब करून आलो. मेंढ्या टेकडीवर असतात म्हणून. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी मोठ्याने "गाढवा!" म्हणालो आणि शेजारच्या बाईने भिंतीवर ठोकलं. उपाय एकच होता. नेलीला फोनवर सांगून भागलं नसतं. ती गोष्ट तिच्या तोंडून घराघरांत जाईपर्यंत तिला आणखी चार पाय फुटले असते. हॅरल्डसमोर, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला हवं होतं. आणि तिथे जुडिथ असणार होती. चाळीस वर्षं जपलेले एबलआजोबा मी तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाकणार होतो. आधी घरी सांगावं म्हणून मी चार वेळा तिला हाक मारली. एकदा ती "काय बाबा?" म्हणत आली, ओले हात पुसत, आणि मी म्हणालो, बल्ब बदलायला हवा. डोळे दुखतात म्हणून न जाण्याचा बेतही केला होता. पण रविवारी सकाळी मी सात वाजताच टाय लावून तयार होतो, आणि जुडिथ म्हणाली, "अहो बाबा, लग्नाला निघालोय का आपण?"

तिने गाडी चढावर घातली तशी झाडं कमी होत गेली आणि काळ्या दगडांच्या भिंती वाढत गेल्या. बसचा शेवटचा थांबा आला, त्यावर गावाचं नाव, मी छापलं होतं त्याच वळणाचं. रोवनचं झाड एकही दिसलं नाही. वारा इतका की गाडीचं दार हातातून सुटलं. चॅपल चौकोनी, धुराने काळं पडलेलं, आणि त्याला तो पोर्च. मला वाटलं होतं मोठा असेल. दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. दोन्ही बाजूंना दगडी बाक, कोपऱ्यात बुटाचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी, वर कौलं. जुडिथ पुढे गेली. मी डाव्या बाकावर हात ठेवला. जून महिना होता आणि दगड थंडगार होता. डावा की उजवा, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी उजव्यावरही हात ठेवून पाहिला. आठ-दहा दिवसांच्या पोराला आठवण नसते, हे मला माहीत आहे. तरी माझी बोटं पांढरी पडली आणि दात वाजायला लागले, आणि आतून कपबशांचा आवाज येत होता.

आत लांब टेबलं, पांढरे कागद अंथरलेले, हॅम, व्हिनेगरमधले कांदे, लोणी लावलेला पाव, रुबार्बचं आंबटगोड सारण भरलेले टार्ट, फ्रूटकेकबरोबर चीज. पन्नासेक माणसं असतील. मी आत शिरलो आणि सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं. नेली हिरव्या कोटातच होती. आता तिला चेहरा होता, लाल गालांचा, लबाड डोळ्यांचा. तिने आम्हाला मधल्या टेबलाशी नेलं. तिथे एक उंच, हाडकुळा म्हातारा बसला होता. "हा हॅरल्ड," ती म्हणाली. मी हात पुढे केला. त्याने तो पाहिला आणि पावाला लोणी लावत राहिला. "बसा," तो म्हणाला. "चहा घ्या आपण." त्या गावात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. पाद्र्यालाही नाही. त्याने मला आपण म्हटलं आणि टेबलावरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. जुडिथला त्यातलं काही कळलं नाही. ती हसून म्हणाली, "तुम्ही एबलआजोबांचे पुतणे ना? बाबांनी मला लहानपणी त्यांच्याच गोष्टी सांगितल्यात, तो तीन पायांचा कुत्रा..."

"जुडिथ, थांब," मी म्हणालो. मी अजून उभाच होतो. मी जे ठरवून गेलो होतो, व्यवस्थित सुरुवात करून, मिस पिकर्सगिलपासून, ते सगळं विसरलो. "एबल माझा कुणी नाही," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, कारण मागच्यांना ऐकू जायला हवं होतं. "आजोबा नाही, कुणी नाही. मी त्याला पाहिलेलं नाही. कागदावर त्याची सही पाहिली होती, सात वर्षांचा असताना, तिच्यावरून मी सगळं रचलं. हॉस्पिटलात मी खोटं बोललो. माझी मुलगी शेजारी होती म्हणून. बावन्न साली तुमच्या पोर्चमध्ये सापडलेलं पोर म्हणजे मी. माझा बाप कोण, आई कोण, मला माहीत नाही. त्या माणसाने मला उचललं, एवढंच त्याने केलं. आणि मी त्याचं नाव खराब केलं. माफ करा." मग मी जुडिथकडे पाहिलं. बघायला नको होतं. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी कुणीतरी भलताच बसमध्ये तिच्या शेजारी येऊन बसलोय.

हॅरल्डने सुरी खाली ठेवली. "मी तेरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. बोलत होता ताटलीशी. "काका सकाळी चॅपलची शेगडी पेटवायला गेला, मी कोळसा घेऊन मागे. बर्फ पडलं होतं. डाव्या बाकावर गिरणीतली सुताच्या रिळांची टोपली, तीत पोर. काकाने कोट काढला, त्यात गुंडाळलं. कोकरू आणावं तसं आणलं. पोलीस आला, म्हणाला, नाव काय लिहू. काका म्हणाला, आमचं लिही. आमच्याकडे मोप पडलंय. आणि पुढेमागे त्याला यावंसं वाटलं तर कुठे यायचं ते कळेल." त्याने नाक पुसलं. "हॅलिफॅक्सला स्वतः घेऊन गेला बसने. मग लोक बोलायला लागले. काका म्हणायचा, भेटायला गेलो तर लोकांना खरंच वाटेल, पोरालाही त्याचा त्रास. म्हणून नाही गेला. फेब्रुवारी आला की पोर्चमध्ये जाऊन बसायचा थोडा वेळ. आम्ही बाकीचेही नाही गेलो. ते आमचं चुकलंच." नेली रुमालात तोंड घालून बसली होती. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "चुकलंच हो." मला आठवतंय की मी त्या वेळी पुस्तकातल्या त्या ओळीचाच विचार करत होतो, जो तिथून आला तो, आणि मला वाटत होतं की एवढी वर्षं मी ती उलटी वाचली, टेबलाच्या चुकीच्या बाजूने. हाकलून दिलेल्याच्या पाठीवर मारलेला शिक्का नव्हता तो. परत यायचा पत्ता होता, एका माणसाने पोलिसाला सांगून लिहून घेतलेला, आणि मी तो खिशात घेऊन एकाहत्तर वर्षं दुसऱ्याच बसमध्ये चढत होतो. मला रडू आलं. लोकांसमोर, टाय लावून, ढसाढसा रडलो.

"मग काय," हॅरल्ड म्हणाला, "तू पोर्चचा." तू म्हणाला. त्याने बाकावर सरकून जागा केली आणि हॅमची ताटली माझ्याकडे ढकलली. "बस. कांदे घे. नेलीने केलेत, जरा तिखट आहेत." नेली रुमालातून म्हणाली, "मला वाटलंच होतं, हॉस्पिटलातच वाटलं होतं, वय जुळत होतं." हॅरल्ड म्हणाला, "तुला नेहमी नंतर वाटलेलं असतं." लोक हसले, कपबशा पुन्हा वाजायला लागल्या.

जुडिथ मात्र बसली नाही. "कुत्रा?" तिने विचारलं. फक्त तेवढंच. "कुत्रा खरा होता," मी म्हणालो, "मिस पिकर्सगिलचा." "आणि कोटातलं कोकरू?" मी हॅरल्डकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ते मी रचलं होतं आणि ते खरंही होतं. ती वळली आणि बाहेर गेली. खिडकीतून मला पोर्चची एक कड दिसत होती, आणि तिच्या निळ्या बाहीचा तुकडा, डाव्या बाकावर. मी जागचा हललो नाही. मॉरीन असती तर म्हणाली असती, जा ना तिच्यामागे, पण मला वाटलं, या एका गोष्टीत तरी तिला माझ्या गोष्टीशिवाय बसू दे. तिचं नाव, तिच्या मुलीचं नाव, जिन्यातली ती भिंत, सगळं मी एका दमात उपटून काढलं होतं, आणि तिने ते ठेवायचं की टाकायचं हे आता तिचं ती ठरवणार होती. स्मिथ व्हायला तिला आजही काही अडचण नव्हती. मी कांदा चावत राहिलो. हॅरल्ड काहीतरी भिंतींच्या डागडुजीबद्दल सांगत होता आणि मी त्या बाहीकडे बघत होतो. मग बाही दिसेनाशी झाली.

दाराशी चहाच्या मोठ्या किटलीमागे एक फार म्हातारी बाई बसली होती, कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणारी, मी जे काही बोललो त्यातलं एक अक्षर तिच्या कानावर पडलं नव्हतं. जुडिथ आत आली. तिचे डोळे लाल होते, केस वाऱ्याने उडालेले. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारलं, "कुणाची गं तू?"

जुडिथ थांबली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. म्हातारीच्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "पोर्चच्या एडविनची."

"हां," म्हातारी म्हणाली, कप पुढे ओढला आणि किटली वाकवली. "साखर किती?"